काकवी

मालनबाई : घाम पूस आधी. हा घे टॉवेल. आज बी दूध प्यायल्यावरच झालं न्हवं?

करुणा : अर्ध्या तासानं. छाती धडधडायला लागली, मग डोळ्यांपुढं अंधारी. बरं वाटेल आता. तुम्ही बसा, आत्या.

मालनबाई : समाधान काय करतोय भाईर?

करुणा : माझी पर्स तपासतायत. बिस्किटाचा कागद सापडतो का बघतायत. काल कपाट झालं.

मालनबाई : माझ्या लेकाला काय याड लागलंय का!

करुणा : त्यांचं तरी काय चुकलं? बारामतीला डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोरच म्हणाल्या, ऑपरेशन करून पोट लहान केल्यावर गोड पोटात गेलं की असंच होतं, चोरून खात असाल तर सांगा. मी नाही म्हटलं. आता हे म्हणतात, चार महिने सांभाळलं, बास झालं. उद्या नरसिंहपूरला माहेरी सोडतो, तिथं बस खात.

मालनबाई : उद्या?

करुणा : सकाळी. बॅग भरून झाली माझी.

मालनबाई : करुणा, तू काय खाल्लं न्हाईस.

करुणा : ते तुम्हाला कसं माहीत?

मालनबाई : लोणच्याच्या बरणीमागं काकवीची बाटली हाय. शेजारच्या आबाजीनं गुऱ्हाळावरनं आणली व्हती. तुझ्या पावडरीच्या दुधात मी रोज दोन चमचं घालती.

करुणा : (टॉवेलाची घडी घालते.)

मालनबाई : आधी माझं ऐक, बाई. मोरीत तुझ्या केसांचा पुंजका दिसला. गालाडं वर आली. बचत गटाच्या बायका तोंडावर म्हणल्या, सुनंला उपाशी मारता का? काकवीनं रगत भरतं, म्हून घातली. तुला चक्कर आली की मला वाटायचं, अशक्तपणा हाय, अजून येक चमचा घालावा. डॉक्टरीणबाईनं गोडाचं सांगितलं, ते तुमी मला सांगितलं व्हय?

करुणा : नाही सांगितलं. पण तुम्ही लपवून का घालत होता?

मालनबाई : कुठल्या तोंडानं देऊ? तुझ्या नणंदेच्या, श्रेयाच्या साखरपुड्याला तू तिसऱ्या भाकरीला हात घातलास, आन मी पावण्यांदेखत टोपलं उचललं. “ट्रॅक्टरला बी येवढं डिझेल लागत न्हाय” म्हणले.

करुणा : सगळे हसले होते. हेसुद्धा.

मालनबाई : त्याच महिन्यात तू पुण्याच्या दवाखान्याचं काढलंस. मला ठावं हाय, कुणापायी काढलंस. तवापासनं तू तीन चमचं वरण घेऊन बसतीस, आन माझ्या नरड्याखाली घास उतरत न्हाय. आपलंच पाप, आपणच फेडावं म्हणलं. तर आणखी घाण करून बसले.

करुणा : आत्या, रडू नका. मलाही एक सांगायचंय.

मालनबाई : काय?

करुणा : मला पहिल्याच घोटाला कळलं होतं.

मालनबाई : काकवी हाय म्हून?

करुणा : लपते का ती चव? घाम कशानं येतो तेही कळत होतं. डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले मी.

मालनबाई : आगं, मग वतून का न्हाय दिलंस? जिवाला काय झालं असतं म्हंजी?

करुणा : नऊ वर्षं झाली लग्नाला. न मागता तुम्ही मला पहिल्यांदाच काही घातलं होतं. ओतवेना.

(बाहेर पर्सची चेन ओढल्याचा आवाज येतो.)

मालनबाई : ती बॅग उकल. उद्या डॉक्टरणीकडं मी येती संगं, काय बोलायचं ते मला बोलंल.

करुणा : आणि ह्यांना?

मालनबाई : समाधान! ती पर्स खाली ठेव आन हिकडं ये. चारणारी हितं बसलीया.