ब्रेकमधली हवा

आमच्या घरी ब्रेकमधली हवा कशी निघाली, ते सांगतो. सकाळी लेकीले आणायले उमरेडले जायचं होतं, अन् जुन्या गाडीच्या ब्रेकच्या तेलात हवा शिरून पेडल पार खालपर्यंत दबत होतं. म्हटलं, आज हवा काढूनच उठीन. बायकोले पेडलवर बसवलं.

“मी म्हणेपर्यंत पाय उचलू नको वं.”

चाकाजवळचा बोल्ट ढिला केला. तेलातून बुडबुडे निघून राहिले होते, तेवढ्यात माझे मोठे भाऊ आले. बायको पदर घेऊन पाया पडायले धावली. पेडल सुटलं, हवा पुन्हा आत.

“काहून उठली वं?”

“भासरे आले, तं बसून राहू?”

पुन्हा सुरू केलं, तं शेजारच्या आजी आल्या. बायको पुन्हा उठली.

मी म्हटलं, “दादा, आता तुम्हीच पेडलवर बसा. या आजी सोडल्या, तं तुम्हाले उठून पाया पडा लागन, असं या गल्लीत कोणी उरलं नाही.”