डाव्या बाजूला कोण बसतं

कारकून : नाही म्हणजे नाही, ताई. तुम्ही सहा वेळा आलात म्हणून स्क्रीन बदलत नाही. नातेवाईक म्हणून एकच नाव आहे, आणि ते तुमचं नाही.

मुलगी : ते माझ्या भावाचं आहे. त्याला विमानाने यायचं तरी पुरा दिवस जाईल, इतक्या लांब बसलाय तो. मी इथे बसलेय. या बाकावर, माझ्या वडिलांपासून दोन दारं लांब.

कारकून : तीन. लिफ्टपलीकडचं धरलं नाहीत तुम्ही.

मुलगी : चेष्टा करताय माझी?

कारकून : चेष्टा कसली? खिडकीशी कोण किती वेळा आलं, याच्या रेघा माराव्या लागतात मला. संध्याकाळी वर द्यायच्या असतात. तुमच्या पाच रेघा भरल्या, आता ही नवी सुरू झाली.

मुलगी : मारा. मोजदाद माझ्याकडेही आहे. तीन दिवसांत अप्पांबद्दल मला पाच वाक्यं मिळालीत. ऑपरेशन झालं. खुबा बसवला. ठोके जरा इकडेतिकडे होतायत म्हणून आयसीयूत ठेवलंय. आराम करतायत. सगळं ठीक आहे. त्यातली शेवटची दोन रोज तीच, आणि तीही भावाच्या तोंडची. काल संध्याकाळपासून तर तो माझा फोनच घेत नाही. सगळं ठीक असेल तर माणूस फोन का घेत नाही, सांगा ना!

कारकून : ते भावाला विचारा.

मुलगी : फोन घेत नाही म्हटलं ना आत्ता! तुम्ही ऐकता का नुसतेच खिडकीत बसता?

कारकून : ऐकतो, म्हणून तर हा नियम आला. पूर्वी येईल त्याला सांगायचो. एका पेशंटमागे अकरा जण, अकरा जणांनी अकरा अर्थ काढले, आणि बाराव्याने येऊन माझी कॉलर धरली. तेव्हापासून एक पेशंट, एक नाव, एक नंबर. सकाळी अकराला डॉक्टर त्या नंबरवर सगळं सांगतात, बाराला सिस्टर टॅबवर पेशंटचा चेहरा दाखवतात. आत कुणी जायचं नाही, जंतू नकोत. यात तुम्हाला वावगं काय दिसतं?

मुलगी : नाव टाकलं कुणी? दादाने. तिकडून, मोबाइलवर अर्ज भरून. मी तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये अप्पांचा हात धरून बसले होते. मला कुठला अर्ज सुचणार?

कारकून : ज्याने अर्ज भरला तो नातेवाईक. हात धरल्याची नोंद होत नाही.

मुलगी : मग एक करा. तुमच्या फोनवरून लावा त्याला. रुग्णालयाचा नंबर बघून उचलेल.

कारकून : हा फोन रुग्णालयाच्या कामासाठी आहे.

मुलगी : आणि हे काय, माझ्या भिशीचं काम आहे?

कारकून : तसा तीनच्या आधी त्यांना लावायचाच होता म्हणा. संमती पक्की करून घ्यायचीय.

मुलगी : कसली संमती?

कारकून : बघा, जीभ घसरली. मी काही बोललो नाही.

मुलगी : बोललात. कसली?

कारकून : लावतो. स्पीकरवर ठेवतो. जे काय सांगायचं ते फोन सांगेल, माझ्या नावावर नको.

(कारकून खिडकीतला फोन पुढे सरकवून स्पीकर चालू करतो. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी आहेत.)

दादा : हॅलो, हां, बोला. काय झालं? अप्पा बरे आहेत ना?

कारकून : घाबरू नका. माहितीच्या खिडकीतून बोलतोय. तीनच्या तपासणीला तुमची संमती कायम आहे ना, एवढंच विचारायचं होतं. फोन स्पीकरवर आहे आणि शेजारी तुमच्या भगिनी उभ्या आहेत, हेही सांगून ठेवतो.

दादा : ती? स्पीकरवर कशाला ठेवलात?

मुलगी : कारण मीही त्यांचीच मुलगी आहे, दादा. कसली तपासणी?

दादा : चिमणे, तू घरी जा बघू. दोन घास खा, झोप. संध्याकाळी मी सावकाश...

मुलगी : कसली?

दादा : मेंदूची.

मुलगी : मेंदूची? स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढताना खुब्यावर पडले ते. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही.

दादा : डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या वेळी मेंदूला झटका बसला असेल. शुद्धीवर आहेत, पण सांगितलेलं काही कळत नाही. हात वर करा म्हटलं की नुसते हसतात. नाव विचारलं की हो हो. सुई टोचायच्या आधी सिस्टर नीट सांगते, तरी असे दचकतात जसं कुणी पाठीमागून येऊन धरलं. दोनदा नळी उपसून काढली. मग काल संध्याकाळी...

मुलगी : काल संध्याकाळी काय?

दादा : हात बांधायला मी हो म्हटलं.

मुलगी : अप्पांचे हात बांधलेत?

कारकून : मऊ पट्टे असतात, ताई. आतून कापूस असतो.

मुलगी : तुम्ही गप्प बसा! घड्याळजीचे हात आहेत ते. केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलतात आणि पडू देत नाहीत. आणि तू मला सांगत होतास, आराम करतायत!

दादा : मग काय सांगू? तू दाराबाहेर एकटी. आत तुला कुणी सोडणार नाही. सांगून तू केलं काय असतंस?

मुलगी : केलं असतं काहीतरी! निदान तीन वाजताचं तरी मला कळलं असतं.

दादा : ते स्थिर पडत नाहीत म्हणून गुंगी देऊन फोटो काढणार आहेत. हृदय असं असताना गुंगीला धोका आहे, हेही त्यांनी मला सांगितलं. तरी हो म्हटलं. मी काय दगड आहे का, चिमणे? आज बाराला डोळ्यांनी बघितलं ना मी. विचारलं, अप्पा, दुखतंय का? म्हणाले, हो हो. विचारलं, मी कोण? म्हणाले, बरं बरं, तब्येतीला जप. आणि मग माझ्याकडे बघेचनात. मान आपली सारखी डावीकडे. हाक मारली तरी डावीकडे. डॉक्टर म्हणाले, हीच खूण, नजर एका बाजूला ओढली जाते.

मुलगी : डावीकडे?

दादा : हो. तिथे काही नव्हतं गं. नुसता पडदा.

मुलगी : दादा, रविवारी तू व्हिडिओ कॉल करतोस, तेव्हा मी कुठे असते?

दादा : हे आत्ता काय मधेच? स्वयंपाकघरात असतेस. अप्पाच सांगतात, ती कामात आहे.

मुलगी : कामात असते, पण स्वयंपाकघरात नाही. अप्पांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसते. मांडीवर जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद आणि जाड मार्कर. तू बोलतोस, मी लिहिते, ते डावीकडे वाचतात, मग तुझ्याकडे बघून उत्तर देतात. कागद उलटायला वेळ लागला की मधेच म्हणतात, बरं बरं, तब्येतीला जप.

दादा : कशाला पण?

मुलगी : अप्पांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.

दादा : काहीतरीच! दर रविवारी तासभर बोलतात माझ्याशी.

मुलगी : बोलतात. ऐकते मी.

दादा : अगं, परवा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न हा विचारला, ऐकण्याचा काही त्रास? मी म्हटलं, छे, कान माझ्यापेक्षा तिखट आहेत त्यांचे.

मुलगी : तू तसंच म्हणणार. तुझ्यासाठी तर हे सगळं नाटक. कानाला यंत्र आहे त्यांना, चांगलं ऐकू येतं त्याने. पण तुझ्या कॉलच्या आधी काढून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवतात. तूच नाही का म्हणालास, डोळे नाहीतर कान गेले की दुकानाला कुलूप? घड्याळजीला टिकटिक ऐकू येत नाही म्हटल्यावर तू पहिल्या विमानाने येऊन कुलूप लावलं असतंस. मला शपथ घातलीय त्यांनी.

दादा : आणि ते यंत्र आत्ता कुठाय?

मुलगी : माझ्या पर्समध्ये.

दादा : पर्समध्ये! तीन दिवस?

मुलगी : ऑपरेशनच्या आधी काढून माझ्याच हातात दिलं त्यांनी. ओरडू नकोस.

कारकून : थांबा, ती डबी? तपकिरी, एका बाजूने चेपलेली? पहिल्या संध्याकाळी तुम्ही इथे खिडकीत ठेवली होतीत. मी म्हटलं, वस्तू आत जायला नोंदलेल्या नातेवाइकाचा होकार लागतो, भावाला फोन लावू का? तर तुम्ही म्हणालात, राहू द्या.

मुलगी : म्हणाले, राहू द्या. तुम्ही फोन लावून काय सांगणार होतात? कानाचं यंत्र आलंय, आत पाठवू का, हेच ना? मला वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आराम करतायत, झोपलेल्या माणसाला यंत्र कशाला. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत डबीत काय आहे?

कारकून : तसा रकाना नाही.

दादा : अहो, रकाना गेला खड्ड्यात! किती वाजले तिथे?

कारकून : दहा कमी.

दादा : माझा होकार आहे. डबी आत पाठवा. तोंडी चालेल का?

कारकून : चालत नाही. लेखी अर्ज लागतो. पण अर्ज मागाहून पाठवा. द्या, ताई, डबी इकडे. थांबा, आत इंटरकॉमवर सांगतो. हॅलो, सिस्टर? खिडकीतून बोलतोय. सात नंबरला खाली नेऊ नका. गुंगी दिली का? नाही ना? देऊ नका. कारण? कारण त्यांना ऐकू येत नाही. अहो, मेंदू नाही, कान! डॉक्टरांना थांबवा, मी स्वतः येतोय. ताई, खिडकी सांभाळा. कुणी आलं तर फक्त रेघ मारा, सांगू काही नका.

दादा : चिमणे, आहेस का?

मुलगी : कुठे जाणार?

दादा : तीन दिवस सगळेजण त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होते, आणि त्यांना वाटत असेल, कुणी अक्षर बोलत नाही आणि हात बांधतात.

मुलगी : नको बोलूस ते.

दादा : मी हो म्हटलं गं.

मुलगी : मी राहू द्या म्हटलं. आपल्या दोघांत कुणाचं जड, ते नंतर तोलू.

दादा : आणि दोन वर्षं मी बोलत होतो ते कुणाशी?

मुलगी : त्यांच्याशीच. उत्तरं सगळी त्यांचीच. मी फक्त तुझे प्रश्न जरा कापायचे. तू फार पाल्हाळ लावतोस.

दादा : मागच्या महिन्यात विचारलं होतं, माझ्याकडे कायमचे राहायला येता का. बघू म्हणाले.

मुलगी : ते मी लिहिलंच नाही. मार्कर सुकला होता.

दादा : नेमका तेव्हा सुकला?

मुलगी : नव्हता सुकला.

दादा : हं.

मुलगी : दादा, चिडलास?

दादा : चिडायला वेळ आहे. तो माणूस अजून आला कसा नाही?

मुलगी : आला. धावतोय. याला धावता येतं, माहीत नव्हतं मला.

कारकून : दम खाऊ द्या. नेलं नाही खाली. स्ट्रेचर दारात होतं, पण नेलं नाही. यंत्र बसवलं. आधी शिट्टी मारली त्याने, मग सिस्टरने जरा दाबलं. डॉक्टर कानाशी जाऊन ओरडले, आजोबा, हात वर करा! तर तुमचे अप्पा म्हणतात, ओरडताय कशाला, मी काय बहिरा आहे? आणि बांधलेला हात वर करू कसा?

मुलगी : सोडले का?

कारकून : दोन्ही. डॉक्टरांनी स्वतःच सोडले. आता पहिल्यापासून पुन्हा तपासतायत. म्हणाले, आजचं स्कॅन रद्द, लागलंच तर उद्या बघू.

दादा : स्वच्छ बोलले? शब्द जड नव्हते ना?

कारकून : स्वच्छ म्हणजे काय, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, म्हणून सिस्टरला फैलावर घेतलं. आता आधी एक काम. नातेवाईक बदलायचा असेल तर जुन्या नातेवाइकाने सांगावं लागतं.

दादा : तिचं नाव टाका.

मुलगी : त्याचंही राहू द्या.

कारकून : जागा एकाचीच आहे.

दादा : तिचंच. मला ती सांगेल. जसंच्या तसं, न कापता. काय गं?

मुलगी : सांगेन. तूही फोन घेत जा.

कारकून : टाकलं. उद्या अकराला डॉक्टरांचा फोन तुम्हाला, ताई. बाराला टॅबही तुम्हालाच. आणि एक निरोप आहे. स्क्रीनवर चढवण्यासारखा नाही, म्हणून तोंडी सांगतो. मी निघालो तर अप्पांनी माझी बाही धरली, जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, यंत्राचं माझ्या मुलाला कळलं का हो? मी म्हटलं, विचारून सांगतो.

मुलगी : दादा?

दादा : सांगा, कळलं नाही म्हणावं.