दाराची कडी

मुलुंडला बसच्या रांगेत नंदाच्या पुढे एकच जोडपं होतं. बाईने फाटलेला पदर मुठीत धरला होता.

“जानकी, याच पदराने काल आम्ही बनवलेली लष्कराची गाडी चाचणीत पास झाली!”

“पदराने? काहीतरीच तुमचं!”

“ऐक तर. गाडीला आग लागली तर जवानांनी वीस सेकंदांत बाहेर पडायचं. रिकाम्या अंगाने पडले झकास. पाठीवर सामान चढवलं, तर तिसराच दारात लटकला. साहेब म्हणे, दत्ताराम, दार लहान पडलं, वाट लागली.”

“मग?”

“म्हटलं, दार नाही साहेब, आतली कडी बघा. पिशवीचा पट्टा धरतेय. आमच्या घरची कडी बायकोचा पदर अश्शीच धरते.”

“साहेबांसमोर माझा पदर काढलात? शी!”

“कडी वर सरकवली, आणि आठच्या आठ जवान सतरा सेकंदांत बाहेर! साहेबांनी मिठीच मारली गं.”

“जवानांची कडी एका दिवसात हलली. माझी नऊ वर्षं तिथंच!”

“ती हलवली असती तर हे सुचलं असतं का?”

“आता सुचून झालं ना? मग घरी चला आणि स्क्रूड्रायव्हर काढा.”

बस आली तेव्हा रांगेत नंदाच्या पुढे कोणीच नव्हतं.