दोनचा अलार्म

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात हिमानीची नजर मोबाइलवर होती, पण कान मागच्या बाकावर. तिथे एक आजोबा, त्यांची आठ वर्षांची नात आणि एक अनोळखी बाई बसल्या होत्या.

“काय झालं जी पोरीले?”

“रात्री गादी ओली करते. आन् शनिवारी शाळेचा मुक्कामी कॅम्प हाय.”

“मंग रात्री उठवत जा ना.”

“दोनचा अलार्म लावतो ना बाई! वाजला का मी जातो, मंग हिची आजी, मंग हिचा बाप.”

“आन् हे पोरगी?”

“मी त सगळ्याईच्या पहिले उठते, काकू. पण बाथरूम एकच हाय. गादीवर बसून नंबरची वाट पाहता पाहता मले झोप लागून जाते.”

“अवं, मंग कॅम्पमंधी कसं करशीन?”

“कॅम्पले आजोबा थोडीच येऊन राहिले!”