बासष्टाव्या मजल्यावर बाबा

नाही, पण मला एक सांगा, मी मुद्दाम केलं का? खाली पाटी लावली होती, ही एवढी ठसठशीत, ‘काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये’. आता पाटी तळमजल्यावर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चढल्या तिथूनच, ह्यात माझा काय दोष? मी आपला चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेला, आणि खट्! लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये लटकली. आणि मग काकूंचा आवाज... लिफ्टमध्ये फोन आहे हो, पण काकूंना फोनची गरज काय? “अहोऽऽ! कोण आहे काऽऽ! लिफ्ट बंद पडलीऽऽ!” सगळ्या मजल्यांची दारं उघडली. मी जिन्यात धावलो, कठड्यावरून वाकून ओरडलो, “काकू, घाबरू नका! बंद पडलेली नाही, मी थांबवलीय!”

तुम्हाला सांगतो, असं वाक्य माणसानं वैऱ्यालाही ऐकवू नये. बंद पडली म्हटलं की लोक नशिबाला बोल लावतात. थांबवली म्हटलं की सगळी नशिबं सोडून तुमच्याकडे बघतात!

“थांबवलीस? मी आत असताना?”

“काकू, तुम्हाला नाही हो, प्रोग्रॅमला थांबवलंय!”

“प्रोग्रॅमला थांबव नाहीतर सर्कशीला थांबव, मला आधी बाहेर काढ!”

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, चालती लिफ्ट थांबवायची अवदसा तुला आठवली कुठून? तर चालती कुठली! दोन महिने झाले होते, दहा-वीस खेपांत एकदा ती आपली आपण मध्येच थांबायची आणि ढिम्म. मग लिफ्टचा मेकॅनिक येणार, गच्चीवरच्या खोलीत जाऊन हातानं चाक फिरवणार, माणूस बाहेर काढणार, आणि मला म्हणणार, “साहेब, रिकामी दिवसभर चालवून बघितली, एकदम मख्खन! माणूस बसला की बिघडते.” त्यावर आमचे सोसायटीचे अध्यक्ष, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं, “मग तूर्त माणसं बसवू नका.” घ्या! आणि हे सगळं मलाच का सांगायचं? कारण त्या लिफ्टच्या पोटात जो प्रोग्रॅम आहे ना, तो नऊ वर्षांपूर्वी मी लिहिलाय. लिफ्ट बसवली तेव्हा घरोघरी सांगत फिरलो होतो, ‘आपल्या हातचं काम आहे!’ आता भोगा.

लोकांचं एक वेळ सोडा. बाबा अडकले हो. आमचे बाबा. सात आठवड्यांपूर्वी, एकटे, चाळीस मिनिटं. बाहेर आले, पाणी प्यायले, एवढंच म्हणाले, “आत गरम होतं.” आणि त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाऊल नाही. गुडघ्यामुळे जिना नाही, भीतीमुळे लिफ्ट नाही, आणि भीती हा शब्द तर नाहीच नाही! “कंटाळा येतो रे.” छत्तीस वर्षं बस डेपोत गाडीखाली झोपून इंजिनं उघडलेला माणूस, रोज संध्याकाळी कोपऱ्यावर मित्रांत जाऊन वाद घालणारा माणूस, तो सात आठवडे गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या बसचा नुसता आवाज ऐकून सांगतोय, “हिचा क्लच गेलाय.” कुणाला सांगतोय? कुंडीला!

तेवढ्यात ताईचा फोन. ताईचं घर तळमजल्यावर, दुसऱ्या गावी. “बाबा, इकडेच या. दार उघडलं की रस्ता.” आणि बाबा काय म्हणाले असतील? “येतो. आता कायमचाच येतो.” बॅगसुद्धा भरली. रविवारी मेहुणे गाडी घेऊन येणार, चार जणांनी खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवायचं, ठरलंसुद्धा. आता मी सरळ सांगतो, मला ते जायला नको होते. टीव्हीच्या आवाजावरून आमचं रोज वाजतं, वर्तमानपत्राच्या पुरवणीवरून वाजतं, पण ते घरात नाहीत ही कल्पनाच मला सोसेना. म्हणून शनिवारी सकाळी म्हटलं, आज एक तर ही लिफ्ट नाहीतर मी.

आता लिफ्टच्या मेंदूला ना पडदा ना कीबोर्ड. गच्चीवरच्या खोलीत पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी, बस्स. त्याच्याशी बोलायचं कसं? तर त्याला रिमोट डीबगर म्हणतात. म्हणजे मी इथे टेबलाशी, आणि तिकडे पेटीत माझा एक छोटासा हस्तक बसवायचा. त्याला कामं चारच. मी म्हटलं थांब, की त्यानं प्रोग्रॅमला आहे तिथे थांबवायचं. सोड म्हटलं की सोडायचं. एक पाऊल टाक म्हटलं की एकच पाऊल टाकू द्यायचं. आणि विचारलं की प्रोसेसरचे खिसे तपासून आत काय आहे ते सांगायचं. खिसे म्हणजे रजिस्टर हो, प्रोसेसरला असे मोजके पंधरा-सोळा खिसे असतात, हातातलं चालू काम तो त्यांत ठेवतो, आत्ता कितव्या मजल्यावर आहोत, कुठे जायचंय, वगैरे. हस्तक स्वतःहून एक शब्द बोलत नाही, मध्ये सल्ला देत नाही, विचारलं तेवढंच सांगतो. आमची ही मागे उभं राहून ऐकत होती, म्हणाली, “असं कुणीतरी ह्या घरात हवं होतं.” मी दुर्लक्ष केलं.

तर मी काय केलं, प्रोग्रॅम ज्या ओळीवर हात टेकतो ना, ‘मी कुठे आहे मला कळत नाही’ असं म्हणतो, तिथे सापळा लावला. तिथे आला रे आला की पकड त्याला. रिकामी लिफ्ट तासभर खालीवर फिरवली, सापळा रिकामा. आणि काकू चढल्या मात्र... खट्! म्हणजे बघा, ती बंद पडतच होती, मी पडायच्या आत पकडली, पण हे जिन्यात कोण ऐकतंय? मी धावण्याआधी एक खिसा तेवढा बघितला होता, मजल्याचा. त्यात आकडा होता चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव! आमची इमारत पाच मजली! परत येऊन नीट बघतो तर सगळे खिसे कोरे. का? त्या पेटीत एक पहारेकरी असतो, प्रोग्रॅम अर्धा मिनिट गप्प बसला की हा समजतो मेला, आणि पाठीत धपाटा घालून पहिल्यापासून सुरू करतो. पहारेकऱ्याला आधी झोपवायचं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो हो! आणि स्वतः विसरलो! काकू मात्र सुखरूप तळमजल्यावर पोचल्या आणि तिथे त्यांनी पाटी वाचली.

मग मी पहारेकऱ्याला झोपवलं. आणि तेवढ्यात मला झापायला अध्यक्ष निघाले. कशानं निघाले? लिफ्टनं! पाटी त्यांनीच मंजूर केलेली! खट्. लिफ्टमधल्या फोनवर, “हॅलो, लिफ्ट बंद पडलेली आहे ह्याची नोंद घ्यावी.” मी म्हटलं, “बंद पडलेली नाही साहेब, मी थांबवलीय!” पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. मग, “ह्याचीही नोंद घ्यावी.” मी सावकाश खिसे तपासले. मजल्याचा खिसा... एकाहत्तर.

प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करून अध्यक्षांना खाली सोडलं, आणि कागदावर लिहिलं, ९४, ७१. डोकं धरून बसलो. बाबा चहा घेऊन आले, उभ्याउभ्या कागद बघितला.

“हे काय?”

“लिफ्टला वाटतंय आपण इतक्या मजल्यावर आहोत.”

“चौऱ्याण्णवला आत कोण होतं?”

“तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.”

“आणि एकाहत्तरला?”

“अध्यक्ष.”

बाबा हसायला लागले. तुम्हाला सांगतो, सात आठवड्यांत पहिल्यांदा. चहा बशीत सांडला, मग बशीतून टेबलावर सांडला. “अरे गाढवा, किलो आहेत ते!”

आणि माझी ट्यूब पेटली. लिफ्टच्या तळाशी वजन सांगणारा काटा असतो, जास्त माणसं भरली की घंटा वाजवायला. म्हणून रिकामी मख्खन! पण हे वजन मजल्याच्या खिशात शिरतं कसं, कोण घालतं? ते बघायचं तर माणूस आत हवा, आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवायला हवा. मी आत बसलो तर लॅपटॉपवर कोण? सकाळीच बोलावलेला मेकॅनिक गच्चीवर ब्रेकपाशी. हिला विचारलं तर म्हणाली, “मी बसणार नाही. आकडा तुला दिसेल.”

बाबा म्हणाले, “मी बसतो.”

मी म्हटलं, “बाबा, नको. मध्येच थांबणार आहे ती. मुद्दाम थांबवणार आहे मी.”

तर ते चपला घालत होते. खाली बघूनच म्हणाले, “तू थांबवणार ना? मग काय. ती आपली आपण थांबली तेव्हा मी घाबरलो होतो रे. पलीकडे कुणी आहे की नाही तेच कळेना. चालत्या गाडीचा दोष चालत्या गाडीतच कळतो, चल, बस तुझ्या जागेवर.”

घाबरलो म्हणाले. आमचे बाबा. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघणार?

मग खेपा सुरू. पहिली खेप, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. फोन कानाला. “बाबा, ठीक?” “ठीक.” पाचव्या खेपेला विचारतात, “आहेस ना रे?” नववीला शीळ ऐकू आली. अकराव्या खेपेला म्हणतात, “तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे तरी फोडणी करपलीय, सांग त्यांना.” चौदाव्या खेपेला मी म्हटलं, दमला असाल, थांबूया, तर, “हट्! अजून चार मार!” आणि अठराव्या खेपेला... खट्!

“बाबा, बंद पडलेली नाही हं, मी—”

“माहितीये रे, थांबवलीयस. काम कर.”

आता प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करून मागची खेप परत तशीच चालवायची, त्याच जागी, पण एकेक पाऊल. मजल्याच्या खिशात तीन. पाऊल, तीन. पाऊल, तीन. पाऊल... काटा थरथरला (नऊ वर्षांत सैल झालाय हो, म्हणून दोन महिन्यांपासून चालत्या लिफ्टमध्येही थरथरतो), वजनवाला प्रोग्रॅम मध्येच घुसला, ‘जरा थांब, माझं एवढं घे’ म्हणाला, आणि त्यानं सरळ मजल्याच्या खिशात हात घातला. तीन गेले. बासष्ट!

मी किंचाळलो, “बाबा! तुम्ही बासष्टाव्या मजल्यावर आहात!”

“तरीच! ताईचं घर दिसतंय इथून!”

म्हणजे चूक काय, तर मध्येच घुसणाऱ्यानं खिसा वापरण्याआधी आतलं सामान बाजूला काढून ठेवायचं आणि जाताना होतं तसं परत ठेवायचं. दोन ओळी. फक्त दोन ओळी, आणि त्याच लिहिल्या नव्हत्या! कोण तो निष्काळजी माणूस म्हणून मी तावातावानं वर बघितलं, तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं ना... माझंच. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, वेळ सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधीची. बाबांना फोनवरच सांगून टाकलं. ते म्हणाले, “हो का? मीसुद्धा एकदा एका बसचा नट आवळायचा विसरलो होतो. दोन ओळी आहेत ना? लिही की मग. मी आहे इथे.”

लिहिल्या. पहारेकऱ्याला जागं केलं, हस्तकाला निरोप दिला. मग बाबांनी हट्टानं आणखी चाळीस खेपा केल्या, काकूंना बोलावून घेतलं, अध्यक्षांना घेतलं, तिघं मिळून वरखाली, वरखाली, एकदा अडकली असेल तर शपथ! अध्यक्ष बाहेर येऊन म्हणाले, “दोष सापडला का?” म्हटलं, “सापडला.” “कुणाचा होता?” म्हटलं, “जुना होता.” बाबा खोकले.

संध्याकाळी बाबा कोपऱ्यावर गेले ते दिवेलागणीनंतर तासाभरानं वर आले, घसा बसलेला, म्हणजे वाद चांगला झालेला. माझा आनंद काय सांगू! रविवारी सकाळी मी शीळ घालत त्यांच्या खोलीत गेलो, म्हटलं, “बाबा, बॅग रिकामी करू ना?”

“का?”

“आता कशाला जायचं? लिफ्ट चालू झाली!”

“म्हणून तर जातोय! लिफ्ट बंद असताना गेलो असतो तर परत वर येता आलं नसतं, म्हणून कायमचा म्हणत होतो. आता काय, आठ दिवस राहीन, येईन.”

आणि बॅग घेऊन, मेहुण्यांच्या पुढे, माझ्याच लिफ्टनं, माझ्याच दोन ओळींवरून सरसर सरसर खाली गेले! जाताना दारातून हात हलवला. मीही हलवला. काय करणार?

आज चोविसावा दिवस. रोज फोन करतात. “लिफ्ट चालू आहे ना?” मी म्हणतो, “चालू आहे हो, या आता.” “चालू आहे ना? मग काय घाई आहे, येतो निवांत.” इतकी वर्षं लोकांचे प्रोग्रॅम दुरून थांबवतोय मी, पण आमच्या बाबांना थांबवेल असा डीबगर अजून निघायचाय. आधी ते खाली जात नव्हते म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा, आता ते वर येत नाहीत म्हणून होतो... असू दे, लिफ्ट तरी खालीवर होतेय!