नवरीच्या गाडीची टाकी

—नाही नाही, कॅन मीच आनतो ना हौदावरून, आनाचं काम माहं, तुमी फक्त ओता, धोंडबा भाऊ. एवढंच म्हनून राहिलो मी. हे पाहा, गाडीच्या बाजूले हे झाकन दिसते ना, ते उघडाचं, याच्यात हे नरसाळं लावाचं — नरसाळं काय, बाटलीचं बूड कापलं आहे — अन् कॅन हळूच वाकडा कराचा. दोनशे लिटरची टाकी, वीस लिटरचा कॅन. दहा डाव हात उचलला का झालं. तुमी या लग्नाच्या लॉनचे माळी, दिवसभर झाडाईले पानी देता, तुमाले काय जड आहे याच्यात? — पाइप? पाइप लागला असता तर तुमच्या मागं मागं काहून फिरलो असतो बाप्पा! लॉनची मोटर जळली सकाळीच. हौद भरून आहे, पन पाइपात पानी चढत नाही. आता हातानंच भरा लागते.

घाई आहे म्हनूनच तर म्हनतो. मोटरहोम आहे हे. आत पलंग, बेसिन, एसी, न्हानी, सगळं आहे, लग्नाच्या सीझनमध्ये नवरीसाठी भाड्यानं जाते. मालक वर्ध्याले राहते, चालवनं-पुसनं-पानी भरनं माह्याकडे. नवरी आत बसली आहे, प्रीतीताई. अंगाले हळद, डोक्यात तेल, आंघोळीले गेली अन् नळाले दोन थेंब येऊन बंद. पावनेबाराचा मुहूर्त आहे, दहा वाजून गेले. दोन डाव विचारलं तिनं, दादा, पानी आलं का? मी म्हनलं, ताई, पाचच मिनटं. आता तिसऱ्या डावी तिची माय येईन खाली, अन् मंग माही काही खैर नाही.

मी काहून नाही ओतत? खांदा गेला आहे ना माहा. — हाव, आनताना नाही दुखत. वर उचलला का दुखते. असते असं, नसेवरची नस असते. — हौदात कॅन बुडवाले बी मी त्या केटररच्या बाईले म्हनलं, तुमी पाह्यलं काय? तुमचं बी लक्ष भल्लं बारीक असते! वाकता येत नाही मले. झाकन बी तिलेच लावाले सांगतलं. मी फक्त कडीले धरून आनला, वरून. पान्याले माहा हात नाही लागला. बोट नाही लागलं. मायची आन—

आता मायची आन तरी कशी घेऊ.

बरं ऐका. या इकडे, गाडीच्या मागं या. कोनाले सांगान नाही ना? मले सुतक आहे, धोंडबा भाऊ. माही माय गेली काल संध्याकाळी. घरी तशीच आहे, बरफाच्या लादीवर. बहीन रामटेकहून निघाली आहे, गोपिका, ते पोहोचली का बारा वाजता उचलाचं आहे. मी एकुलता एक पोरगा, पानी मलेच पाजाचं, अग्नी मलेच द्याचा, अन् मी इथी बेसा गावच्या लॉनवर नवरीच्या टाकीचं झाकन उघडून उभा आहे. — हसा, हसा तुमी. नाही हसत? बरं.

काहून आलो म्हनजे? मालकाले फोन केला ना मी रातीच. तो म्हने, वाईट झालं लेका, पन दुसरा ड्रायव्हर गावाले गेला, सहा महिन्याआधीचं बुकिंग आहे, नवरीच्या घरचे मले फाडून खातीन, तू फक्त गाडी लावून दे अन् जा. माह्या घरून इथपर्यंत वीस मिनटं. मी म्हनलं लावतो अन् येतो. कामिनी, माही बायको, ते म्हने, स्टिअरिंगले सुतक नाही लागत, जा, पन त्या पोरीच्या पान्याले हात नको लावू. लोकाची पोरगी आहे, पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर सुतकाचं पानी नको. खरंच आहे ना ते? मी मानत नाही एवढं, पन उद्या तिच्या संसारात काही उन्नीस-बीस झालं तर जलमभर माह्याच डोक्यात राहीन. म्हनून तुमचे पाय धरले. आता धरा तो कॅन. धरता? — हाव, असं. डाव्या हातानं बूड उचला. हळू... बस, बस, असंच. जात आहे आत. आवाज येऊन राहिला पाहा. खाली टाकीत पडलं का असं डब्यासारखं वाजते, भरत आली का आवाज बसते.

रिकामी? रिकामी काहून होती म्हनता? गळते टाकी. जुनी गाडी आहे.

...नाही गळत. गळत नाही हो, काल दुपारीच फुल्ल केली होती मी, अडीचशे रुपयाचं गोडं पानी घेऊन, नवरीच्या केसाले बोअरचं चालत नाही म्हनून. आज सकाळी खाली केली. आमच्या लेआउटात नळ नाही. टँकर येते एक दिवसाआड, अन् या नवतप्याच्या उन्हात चार दिवस झाले, आलाच नाही. सकाळी बाया म्हनल्या, बुढीले आंघोळ घालाले पानी कुठं आहे? घरात पान्याचा अर्धा गुंड. मंग मी उठलो अन् गाडीच्या खालची तोटी उघडली. म्हनलं घ्या. मायची आंघोळ झाली तरी तोटी बंद नाही केली मी. सारी गल्ली गुंड घेऊन आली, बकेटा घेऊन आली, मयतीच्या घरी कोनी रांग लावते काय, पन लावली. मी पाहत बसलो. घ्या म्हनलं, घ्या, सारं घ्या. टाकी ठन्न रिकामी झाली तवा उठलो.

— हा चौथा ना? द्या तो रिकामा इकडे, मी भरून... थांबा, बाई भरून देते. आलो.

—आलो. हा पाचवा. ओता. तुमी चांगले आहा, धोंडबा भाऊ. तुमी बोलत नाही ते बरं आहे. आमच्या घरी सकाळपासून सारे बोलूनच राहिले, कशी गेली, कवा गेली. कशी गेली म्हनजे? ऊन लागलं. काल बारा वाजता वाळवनं उचलाले टिनाच्या छपरावर चढली. त्रेसष्ट वर्षाची बुढी, पार्वतीबाई नाव, कोनाचं ऐकाची नाही. तीन वाजता मी गाडी घेऊन घरी आलो तर अंग तव्यावानी. चौकातला डॉक्टर आला, म्हने ओली चादर टाका, सुकू देऊ नका, अन् पटकन मोठ्या दवाखान्यात न्या. चादर टाकली. पंधरा मिनटात कोरडी. कूलर लावला तर कूलरच्या टाकीत पानी नाही, नुसता भट्टीवानी वारा फेकून राहिला. कामिनी म्हने, अहो, गाडीची तोटी उघडा. मी म्हनलं, ते नवरीचं पानी आहे. म्हने, दोन बकेटा घ्या. मी म्हनलं, पाच वाजता टँकर येऊन राहिला, फोन आला आहे. चाबी इथी खिशात होती माह्या, या खिशात. मी एक तांब्या बी नाही काढला, भाऊ. लोकाचं आहे म्हनलं. आजवर लोकाच्या वस्तूले हात नाही लावला, मायनंच शिकवलं तसं. तिच्याच तोंडात पानी नव्हतं अन् मी तिलेच तिची शिकवन सांगून राहिलो. अन् मेल्यावर दोनशे लिटर! आता तुमाले सांगतलं, कामिनीले बी नाही बोललो असं. ते कालपासून माह्याकडे पाहून नाही राहिली.

टँकर? नाही आला. साडेसहाले दवाखान्यात न्याले ऑटो आला, तवा ते...

ओता ना, थांबले काहून? सातवा आहे हा. तीन राह्यले. — हाव ताई! येऊन राहिलं पानी, पाहा नळ सोडून! — पाह्यलं? आलं तिले. हसली बिचारी. ओता, ओता तुमी.

काय म्हनलं?

कोनती गाडी?

...हाव. दारातच होती.

डिझेल होतं. एसी होता. पलंग बी आहे आत, पांढरी चादर टाकलेला. हाव, दवाखाना पंधरा मिनटावर. चाबी खिशात. सांगतलं ना तुमाले, चाबी खिशात होती...

मी ऑटोची वाट पाहून राहिलो होतो, धोंडबा भाऊ. तीन ऑटोवाल्याईले फोन लावले. साडेतीन तास. एवढ्या उन्हात कोनी येत नव्हतं. मी बाहेर गल्लीत उभा होतो ऑटो पाहत, अन् ऊन लागते म्हनून सावलीत सरकलो, गाडीच्याच सावलीत उभा होतो मी. पाठ टेकून. कोनीच नाही बोललं. कामिनी नाही बोलली, डॉक्टर नाही बोलला, शेजारच्या बाया नाही. त्याईले बी वाटलं असन का हे नवरीची गाडी आहे. मले बी तेच... मले तर सुचलंच नाही. पान्याचं सुचलं अन् नाही म्हनलं, ते वेगळं. हे सुचलंच नाही हो. रोज मीच चालवतो तिले. चार वर्ष झाले, मीच चालवतो.

तुमीच बोलले पहिले.

ठेवा तो कॅन. ठेवा खाली, म्हनतो ना! जा तुमी. काही नाही, जा — आपल्या झाडाईले पानी द्या.