उघड्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर

कानाच्या डॉक्टरांकडे समोरच्या बाकावरचे आजोबा शेजारच्या आजींशी इतक्या मोठ्याने बोलत होते, की शिवणक्लासच्या बाईंनी मासिक नुसतंच उघडं धरलं.

"काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज कसा, लोण्यासारखा."

"तापायला वेळ लागतो म्हणे. तुमच्यासारखाच."

"आठ वॅटचा माझ्या आलापांना पुरे."

"आणि माझ्या नाचाच्या गाण्यांना? पहिल्याच ठेक्याला धाप लागेल त्याला."

"बरं बाई, चाळीसचा घेऊ. तुझा धांगडधिंगाही झेपेल. वर जाळी आहे, नळ्या झाकलेल्या. दिसायला सभ्य."

"जाळी नको."

"अगं, हात भाजेल."

"भाजू दे. उभा जन्म स्वयंपाकघरात काय गार हवा खात होते?"

"आजी, चला आत," नर्सने दारातून हाक मारली. आजी जागच्या हलल्या नाहीत.

"अगं, तुला बोलावतायत," आजोबा त्यांच्या कानाशी ओरडले.

आजी उठल्या, पदर सारखा केला.

"उघड्या नळ्यांचाच घ्या. गाणं चालू असलं की त्या पेटलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर तुम्ही गाण्याला मान डोलावताय की डुलक्या काढताय, हे मला पुढे कळायचं कसं?"